पाहुण्याच्या कोपऱ्यातला क्लाईव्ह

क्लाईव्ह स्टॅदर्सचं नाक शेवटपर्यंत सरळ राहिलं. अकरा वर्षं रिंगमध्ये काढलेल्या माणसाचं नाक असं राहत नाही. बंदराकाठच्या आमच्या हेसल रोडवर बॉक्सर ओळखायचा तो नाकावरून. क्लाईव्हला मात्र परका माणूस बँकेतला कारकून समजायचा. याचा त्याला भारी अभिमान. दाढी करताना तो आरशासमोर जरा जास्तच रेंगाळायचा. पण स्वतःचं नाक पाहिलं की त्याला हमखास लेनी बूथबीचं नाक आठवायचं, आणि मग गालावर ब्लेड लागायचं.

लेनीचं नाक तीनदा मोडलं होतं. तिसऱ्यांदा ते बसवून घ्यायचा त्याने कंटाळा केला. डाव्या भुवईवर इतके टाके पडले होते की तिथे केस उगवायचे बंद झाले. तो मासळीच्या धक्क्यावर बोटी रिकाम्या करायचा आणि रिंगमध्येही पेट्या ओढायला आल्यासारखाच लढायचा. मान खाली आणि चालला पुढे. सत्तावीस लढतींत नऊ हरलेला गडी. क्लाईव्ह एकवीसमध्ये फक्त दोन हरला होता, त्याही पंचाच्या कृपेने, असं त्याचं म्हणणं. खरं सांगायचं तर माझंही तेच म्हणणं आहे. दोघं एकाच तालमीतले, विल्फ कॉवुडचे चेले. सरावात क्लाईव्ह लेनीला हवा तसा नाचवायचा, आणि लेनी दमून दोरावर रेलून हसत म्हणायचा, "अरे, कुठे असतोस तू? मारायला जातो तर माणूस जागेवर नाही!"

आणि तरीही बेकरीत, सलूनमध्ये, चिप्सच्या दुकानात तेलाच्या कढईवर फोटो कुणाचा? लेनीचा. त्या फोटोवर तेलाचे शिंतोडे उडायचे, आणि दुकानदारीणबाई तो रोज ओल्या फडक्याने पुसायची. क्लाईव्ह समोर उभा राहून आपली पॅटी पावात घालून घ्यायचा आणि तिचं पुसणं बघायचा. ते बघून घास घशाखाली उतरायचा नाही, तरी दुकान बदलायचं त्याच्या मनात आलं नाही. ज्याला एकदा जळायची सवय लागते तो रोज निखाऱ्यापाशीच जाऊन बसतो.

त्याला हवं होतं ते तसं थोडंच होतं. एकदा, फक्त एकदा, भरल्या हॉलने त्याचं नाव घ्यावं. क्लाईव्ह, क्लाईव्ह, असं.

हिवाळ्यात आमच्याकडे पोहण्याच्या तलावातलं पाणी काढून वर फळ्या टाकतात आणि त्यावर रिंग उभी करतात. क्लाईव्ह लेनीला पाण्यात पाहायचा, असं म्हणावं तर तिथे पाणी तेवढं नसायचं, बाकी सगळं असायचं. हॉलला क्लोरीनचा आणि बीअरचा वास यायचा. लेनी रिंगकडे निघाला की लोक पाय आपटायचे, आणि खालचा रिकामा तलाव असा घुमायचा की कपडे बदलायच्या खोलीत बसलेल्या क्लाईव्हच्या बुटांखालची फरशी थरथरायची. "ले-नी! ले-नी!" क्लाईव्ह तेव्हा बुटाची नाडी पुन्हा बांधायला घ्यायचा.

आता तिकिटांचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं रामायण तिकिटांचंच आहे. आमच्याकडे बॉक्सरची तिकिटं बॉक्सर स्वतः विकतो. खिडकीवर तिकीट घेणारा म्हणजे वाट चुकलेला खलाशी. सामन्याच्या महिनाभर आधी विल्फ, जो उस्तादही होता आणि सामने भरवणाराही, प्रत्येकाच्या हातात एक गठ्ठा द्यायचा. ज्याची तिकिटं जास्त जातात त्याला घरचा कोपरा, म्हणजे लाल. दुसऱ्याला पाहुण्याचा, निळा. घरचा नंतर येतो, गाणं वाजवत येतो, त्याला गरम खोली मिळते. अटीतटीची फेरी पंच कुणाच्या पदरात टाकतो हे तर विचारूच नका. पाहुण्याच्या कोपऱ्यात सहसा लांबून आलेला, पोटासाठी हरत फिरणारा कुणीतरी असतो. क्लाईव्ह त्या तलावापासून चार गल्ल्यांवर जन्मला, त्याच तलावात पोहायला शिकला, आणि त्याच तलावाच्या फळ्यांवर सहा वेळा पाहुणा म्हणून उभा राहिला.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. पण क्लाईव्ह विकायला निघायचाच नाही. "मी बॉक्सर आहे," तो विल्फला सुनवायचा, "लॉटरीवाला नाही. ज्याला चांगलं बॉक्सिंग बघायचं असेल तो येईल."

"चांगलं बॉक्सिंग बघायला फक्त तू येतोस रे," विल्फ म्हणायचा. "आणि तू आधीच रिंगमध्ये असतोस."

त्याने आईलासुद्धा कधी तिकीट दिलं नाही. डोरीन दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची. तीस वर्षं मासे साफ करून तिच्या बोटांच्या पेरांना कायमची सूज आली होती. तिला काय तिकीट द्यायचं? घरचं माणूस. यायचं असेल तर येईल. ती आली नाही, तेव्हा तिला मारामारी आवडत नसावी, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं. तीही कधी काही बोलली नाही. स्टॅदर्सांच्या घरात मागायची रीत नव्हती. मीठसुद्धा हात लांबवून आपलं आपण घ्यायचं.

एकदा डॉनकास्टरला दोघांच्या लढती एकाच दिवशी होत्या. क्लाईव्हने आठ फेऱ्यांत एकही धड ठोसा न खाता सामना मारला. लेनी सहाव्या फेरीत आडवा झाला. येताना दोन बसगाड्या भरून माणसं होती आणि दोन्हींत गाणी लेनीची, जणू वरात निघाली होती. क्लाईव्हला ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली. बऱ्याच वेळाने ड्रायव्हरने मान वळवून विचारलं, "तुम्ही आतले दिसता. लेनीला फार लागलंय का हो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लाईव्ह आयडा ट्रॅनमरकडे मागचं दार बसवत होता. पोटापाण्याचा धंदा त्याचा सुतारकीचा. आयडाला सगळी गल्ली मावशी म्हणायची. दार बिजागरीवर चढवतोय तोच पुढच्या दारावर टकटक झाली आणि लेनीचा आवाज आला. क्लाईव्ह स्वयंपाकघरात होता तिथेच स्क्रू तोंडात धरून थांबला.

"मावशी, माफी मागायला आलो. एवढ्या लांब आलीस आणि मी पडलो."

"अरे मेल्या, आधी आत ये. डोळा बघ काय झालाय! बस इथे. काही खाल्लंयस का?"

"दोन घरी खाल्लं. अजून अकरा घरं आहेत."

मग कपबश्या वाजल्या, डबा उघडला. तिने आल्याचा केक कापल्याचा वास क्लाईव्हपर्यंत आला. सकाळपासून दार बसवतोय त्याला नुसता चहा, आणि हरून आलेल्याला केक! क्लाईव्हचा नुसता तिळपापड झाला.

"पुढच्या महिन्यात परत आहे," लेनी म्हणाला. "येशील ना? तू दिसली नाहीस की भीती वाटते गं मला."

"येते रे बाळा. न यायला काय झालं?"

लेनी बाहेर पडला तेव्हा क्लाईव्हने त्याला गल्लीत गाठलं. तोंडात अजून एक स्क्रू होता. तो काढून खिशात टाकला. "काय रे, हे नाटक सगळ्यांकडे करतोस?"

"कुठलं?"

"भीती वाटते म्हणे. पन्नास घरी जाऊन पन्नासदा सांगतोस?"

लेनीचा एक डोळा मिटलेला होता. उघड्या डोळ्याने त्याने क्लाईव्हकडे नीट पाहिलं. "मग? वाटते तर. तुला नाही वाटत?"

"नाही," क्लाईव्ह म्हणाला. हे धादांत खोटं होतं. प्रत्येक लढतीआधी तो संडासात दार लावून ओकायचा, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडून.

"मग तू ग्रेट आहेस गड्या," लेनी मनापासून म्हणाला आणि पुढच्या घराची बेल वाजवली. क्लाईव्हला वाटलं, याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर वर्षभराने आमच्या विभागाचा किताब रिकामा झाला आणि नशिबाने तो या दोघांमध्ये आणून ठेवला. दहा फेऱ्या, तलावाच्या हॉलमध्ये. क्लाईव्ह तालमीत आला तो थेट विल्फसमोर उभा राहिला.

"घरचा कोपरा कुणाला?"

विल्फ पट्ट्या गुंडाळत होता. त्याने वर पाहिलं नाही. "लेनीने सहाशे तिकिटं मागितलीत."

"मी तुझ्याकडे पोरगा होतो तेव्हापासून आहे. त्याच्या आधीपासून."

"माहीत आहे."

"माझ्या कोपऱ्यात कोण बसेल मग? दोघंही तुझेच."

"मी घरच्या कोपऱ्यात बसतो, क्लाईव्ह. नेहमीच बसतो. तुला ग्रिम्सबीचा एक माणूस देतो. रक्त थांबवायला हात चांगला आहे त्याचा."

ग्रिम्सबीचा! नदीपलीकडच्या त्या गावाशी आमचं मासळीवरून पिढ्यान्‌पिढ्या वाकडं. स्वतःच्या गावात, स्वतःच्या तलावात, स्वतःच्या उस्तादाविरुद्ध, आणि पाठीशी ग्रिम्सबीचा माणूस! क्लाईव्हला हसावं की कुणाचं डोकं फोडावं ते कळेना. "दे चाळीस तिकिटं," तो म्हणाला.

विल्फने पट्टी खाली ठेवली. "तू विकणार?"

"दे म्हणतो ना."

शनिवारी चांगला कोट घालून तो निघाला. लेनी करतो ते आपल्याला जमणार नाही, असं काय मोठं शास्त्र आहे त्यात? पहिल्याच दारात सलूनवाला म्हणाला, "लेनीच्या मॅचची ना? आमची आली." दुसऱ्या घरी बाई म्हणाल्या, "तू लेनीबरोबरचा ना रे? त्याची भुवई भरली का आता?" तिसऱ्या दारात एक म्हातारा उभा राहिला आणि क्लाईव्हला त्याचं नाव आठवेना. आयुष्यभर त्याच्या शेजारच्या बाकावर बसून बीअर पीत आला होता, पण नाव विचारायची कधी वेळ आली नव्हती. "किताबाची लढत आहे," क्लाईव्हने घसा साफ केला. "मी जिंकणार आहे."

"वा," म्हातारा म्हणाला. "मग छानच की. मग आमची गरज कशाला?" असं म्हणून त्याने अगदी गोडीने दार लावलं.

क्लाईव्हने त्या दिवशी दोन तिकिटं विकली, दोन्ही कामावरच्या गवंड्याला. परत येताना तो आईच्या गल्लीच्या तोंडाशी थांबला. तिच्या खिडकीत दिवा होता. जावं का, असं एकदा मनात आलं. पण अडतीस तिकिटं खिशात फुगलेली, ती दिसली असती तर तिने विचारलं असतं, उरली का रे इतकी? तो तसाच पुढे गेला.

लढतीच्या संध्याकाळी तो नेहमीसारखा ओकला, तोंड धुतलं आणि गाण्याशिवाय रिंगमध्ये आला. काही लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. मग हॉलचे दिवे मालवले, लेनीचं गाणं लागलं आणि सगळा तलाव खालून घुमायला लागला. लेनी येताना वाटेत हात मिळवत येत होता, नावं घेत येत होता. लोकांच्या गळ्यात लाल फडकी, कागदाची, कापडाची, कुणाची तर पडद्याचा तुकडा कापून केलेली. क्लाईव्हने दोरावर हात ठेवले आणि समोरच्या गर्दीवर नजर टाकली. तिसऱ्या रांगेत त्याची आई बसली होती. ठेवणीतला निळा कोट, आणि गळ्यात लाल फडकं.

घंटा झाली तेव्हा त्याच्या डोक्यात हेच होतं. लेनीने माझी आईसुद्धा नेली.

तो आयुष्यात कधी लढला नसेल तसा लढला. डावा हात सुईसारखा जात होता. दुसऱ्या फेरीत लेनीची भुवई फुटली, चौथीत नाकातून रक्त यायला लागलं. क्लाईव्ह बरोबर तिथेच मारत होता, पुन्हा पुन्हा तिथेच, आणि मारताना त्याला चिप्सच्या कढईवरचा फोटो दिसत होता, आल्याचा केक दिसत होता, तिसऱ्या रांगेतलं फडकं दिसत होतं. लेनी पुढे येतच राहिला. तो जितका मार खाई तितके लोक उठून उभे राहात. सातव्या फेरीत त्याचा एक ठोसा क्लाईव्हच्या खांद्यावरून निसटून गेला, लागलाही नाही, तर हॉल असा ओरडला जणू क्लाईव्ह पडलाच. "सोड, सोड, त्यांना ओरडू दे," ग्रिम्सबीचा माणूस त्याला पाणी पाजत म्हणाला. "तू दहा मैल पुढे आहेस."

दहावी फेरी संपली. पंचाला विचार करायची गरजच नव्हती. त्याने क्लाईव्हचा हात वर केला. कुणी शिट्टी मारली नाही, आरडाओरडा केला नाही. एवढा मोठा हॉल नुसता बसून राहिला. क्लाईव्ह मध्यभागी हात वर करून उभा होता, आणि वाट बघत होता.

मग लेनी आला. एक डोळा बंद, छाती रक्ताने माखलेली. त्याने क्लाईव्हचा दुसरा हात धरून वर केला आणि चारी बाजूंना वळून लोकांना खूण केली, अरे, घ्या की याचं नाव! आणि लोकांनी घेतलं. लेनी म्हणाला म्हणून घेतलं. "क्लाईव्ह! क्लाईव्ह!" दोनदा, तीनदा. चौथ्यांदा ते आपोआप "ले-नी" झालं, आणि मग पाय आपटले गेले, फळ्या घुमल्या.

अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं भीक घातल्यासारखं मिळालं, आणि तेही कुणाच्या हातून! क्लाईव्हने हात सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आईकडे गेला. किताबाचा पट्टा पिशवीत घालून नेला होता. तो त्याने टेबलावर ठेवला. डोरीनने तो बाजूला सरकवून चहाचा कप ठेवला. "सुंदर आहे," ती म्हणाली, आणि भांडी घासायला वळली.

"तू आली होतीस."

"हो."

"त्याच्या माणसांत बसलीस. त्याचं फडकं घालून."

"त्याने तिकीट आणून दिलं. मंगळवारी आला होता. बसला घटकाभर."

"आणि मी? मी कोण?"

"ज्याने बोलावलं त्याच्याकडे बसले," डोरीन म्हणाली. तिचे हात फेसात होते. "तू कधी ये म्हणालास मला?"

"आईला काय आमंत्रण द्यायचं?"

"का? आईला काय पाय फुटतात आपोआप?" तिने एक बशी विसळून उभी केली. "अकरा वर्षं. प्रत्येक वेळी कोट काढून ब्रश करून ठेवायचे. म्हटलं, आज म्हणेल. तो लेनी दारात आला आणि म्हणाला, डोरीन मावशी, तुमच्या पोराशी आहे या वेळी, मला फार भीती वाटते, तुम्ही आलात तर जरा जपून मारेल. मी हसले आणि घेतलं तिकीट."

क्लाईव्हने चहाकडे पाहिलं. विचारू नये असं वाटत होतं, पण गेले बारा तास तेच एक त्याला कुरतडत होतं. "ओरडलीस कुणासाठी?"

तिने आणखी एक बशी विसळली. मग मागे न वळता म्हणाली, "लेनीसाठी."

"आई!"

"मग काय करू? त्याला लागत होतं रे. सगळ्यांना दिसत होतं. तुला कुठे काय लागत होतं? तुला कधी काही लागलेलं मी बघितलंच नाही. लहान होतास तेव्हासुद्धा पडलास की उठून बाहेर जायचास. कुणी तुझ्यासाठी ओरडायचं तरी कशाला?"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. क्लाईव्हच्या सरळ नाकाच्या शेंड्यापर्यंत काहीतरी गरम आलं, आणि ते थोपवायला त्याला या वेळी हातही वर करता आले नाहीत.

"आई," तो म्हणाला. "आत्ता लागलं."

डोरीनने नळ बंद केला. ओले हात एप्रनला पुसत ती त्याच्याकडे आली, त्याची हनुवटी धरून तिने तोंड उजेडाकडे वळवलं.

"बघू," ती म्हणाली. "कुठे?"